डिंभ्याच्या वर वरकस जमीन : शतावरीची करारशेती करू का? हिरडे काढावे लागतील म्हणतात

वरकसवाला

नमस्कार मंडळी,

मी चाकणला कंपनीत कामाला आहे. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, आमची तीन एकर वरकस, म्हणजे डोंगरउतारावरची हलकी जमीन आहे. वडील होते तोवर नाचणी-वरई व्हायची, आता पडूनच आहे. आई गावीच असते. बांधावर आणि उतारावर मिळून चौदा मोठे हिरडे आहेत, दोन बेहडे आहेत. ओढ्याच्या कडेला टेंटूची चार-पाच झाडं. कुंपणावरच्या गुळवेलीला तर हिशेबच नाही.

मागच्या महिन्यात एका औषधी वनस्पती कंपनीचा माणूस गावात येऊन सभा घेऊन गेला. शतावरीची करारशेती. एकरी ११,००० रोपं, रोप १४ रुपयांना, त्यांच्याकडूनच घ्यायचं. दीड वर्षाने एका रोपाला पाच किलो ओली मुळी निघते आणि ती ३० रुपये किलोने कंपनीच उचलते, असा लेखी करार. म्हणजे एकरी साडेसोळा लाख. शिवाय ७५ टक्के अनुदान मिळवून देऊ म्हणतात. फक्त शतावरीला सावली चालत नाही, म्हणून हिरडे काढा आणि जेसीबी लावून सपाटी करून घ्या, असं त्यांचं म्हणणं.

दुसरा एक व्यापारी टेंटूची मुळं मागतोय. "दशमुळाला लागतात, खोडाला हातही लावत नाही, नुसती मुळं काढतो" म्हणाला.

आई हिरड्याला हात लावू देत नाही. तिचं एकच म्हणणं, लावाल हो, पण खणणार कोण? गावातल्या दोघांनी पैसे भरलेत. मला पुढच्या रविवारपर्यंत कळवायचं आहे. शतावरी आमच्या पावसात येते का? करारावर विश्वास ठेवावा का? टेंटूची मुळं विकली तर काय बिघडतं? जाणकारांनी सांगावं.

---

रानभूल

आधी गणित करू, मग झाडांकडे येऊ.

११,००० रोपं गुणिले पाच किलो म्हणजे ५५ टन. एका एकरात. आपल्या राज्यात उसाची सरासरी एकरी पस्तीस-चाळीस टनांच्या आसपास घुटमळते, तीही काळ्या जमिनीत, पाटाचं पाणी पिऊन. तुमच्या वरकसात शतावरीच्या मुळ्या उसाला मागे टाकणार? त्या माणसाला एवढंच सांगा, की जिथे ५५ टन निघाली त्या शेतकऱ्याचा सातबारा आणि माल विकल्याची पावती दाखव. फोन नंबर घेऊ नका, पावती मागा. फोनवर "हो हो, फार फायदा झाला" म्हणायला माणसं ठेवलेली असतात.

आता दुसरा गुणाकार. ११,००० गुणिले १४ म्हणजे १,५४,००० रुपये. हे कंपनीला पहिल्याच दिवशी रोख मिळतात. दीड वर्षाने मुळी उचलली काय, नाही उचलली काय, तिचा धंदा झालेला असतो. सफेद मुसळी या औषधी मुळीच्या लागवडीची लाट आली तेव्हा खानदेश-विदर्भात हेच झालं. पहिल्या हंगामात ज्यांनी मुसळी लावली त्यांनी माल औषध कारखान्याला विकलाच नाही, शेजाऱ्याला बेणं म्हणून विकला. शेजाऱ्याने पुढच्या गावाला विकला. बेणं घेणारा नवा माणूस मिळेनासा झाला त्या दिवशी भाव कोसळला. तेव्हा आमच्याकडे लोक मुसळीची पोती घेऊन यायचे आणि विचारायचे, कंपनीने सांगितलेला भाव द्या. तो भाव औषध करणाऱ्याने कधी दिलेलाच नव्हता.

"आमच्याकडे" म्हणजे एका आयुर्वेदिक औषध कारखान्यात. मी तिथे बरीच वर्षं कच्चा माल खरेदी करायचे. पोतं फोडायचं, मुठीत घेऊन वास घ्यायचा, मुळी मोडून बघायची, नमुना प्रयोगशाळेत द्यायचा, नापास झाला की गाडी परत. माझ्या सह्यांनी परत गेलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. त्यामुळे मला लागवडीपेक्षा वाळवणाबद्दल जास्त कळतं आणि माझ्या मते या धंद्यात नफा-तोटा वाळवणाच्या अंगणातच ठरतो. लावणं कोणालाही जमतं.

शतावरीचंच घ्या. ती आपल्या सह्याद्रीतलीच आहे, तुमच्या झुडपात शोधली तर सापडेल. पाऊस तिला मारत नाही, साचलेलं पाणी मारतं. उतारावर, निचऱ्याच्या जमिनीत येते. सपाटी करून पाणी तुंबलं तर मुळ्या कुजतात. म्हणजे जेसीबी लावायचा सल्लाच उलटा आहे. "सावली चालत नाही" हेही तितकंच. रानात ती झाडाझुडपांच्या आधारानेच चढते, थोडी सावली तिला सोसते.

येते, पण काढायची कशी ते या लोकांनी सभेत दाखवलं का? दीड-दोन वर्षांनी जमीन खणायची. एका बुडाशी मुळ्यांचा झुपका असतो, त्या न तोडता काढायच्या, कारण तुटलेल्या जागी माती शिरते आणि तिथूनच बुरशी लागते. मग धुवायच्या, थोडा वेळ उकळत्या पाण्यात धरायच्या, म्हणजे वरची साल सुटते. साल नखाने सोलायची. सोलून झाली की टोकाशी चिमटीत धरून आतली शीर ओढून काढायची, चांगली उकडली असेल तर एका ओढीत निघते, नाहीतर तुटते आणि अर्धी आत राहते. शीर राहिलेली मुळी वाळते ती वाकडी आणि चिवट. मग वाळवण. ओल्या मुळीत बहुतेक पाणीच, पोतंभर ओल्या मालाची वाळून परडीभर होते. चांगल्या मालाची खूण सांगते: रंग फिकट पांढुरका, बोटांनी मोडली तर कट्‌ आवाज, वास गोडसर. वाकली आणि मोडली नाही तर ओलावा आहे, परत. काळे ठिपके दिसले, परत. तुमच्या आईंनी "खणणार कोण" विचारलंय, त्यात मी एवढंच घालते की सोलणार कोण?

करारात "ओली मुळी" असं स्पष्ट लिहिलंय की "कंपनीच्या प्रतवारीनुसार"? हा शब्द शोधा. तो असला तर बाकीच्या पानांना अर्थ नाही.

अनुदानाचं: राष्ट्रीय आयुष अभियानात औषधी वनस्पतींच्या लागवडीला ३०, ५० आणि ७५ टक्के असं अनुदान होतं, वनस्पती जितकी दुर्मिळ तितकं जास्त. तो भाग २०२०-२१ पर्यंत चालला. तेव्हाची पत्रकं अजून फिरतात. आज काय चालू आहे ते महाराष्ट्र राज्य औषधी वनस्पती मंडळाला विचारा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात राष्ट्रीय मंडळाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, ते चाकणहून तासाभरावर. शतावरी कोण पिकवतं, कोणत्या दराने जाते, हे तिथे फुकट कळतं. एजंटाकडून अनुदान मिळवू नका.

टेंटूबद्दल वेगळं लिहिते, आत्ता उठायला हवं. तोवर पैसे भरू नका.

---

कातळमाथा

मी तिकडचाच. गाव सांगत नाही, पण तुमच्या अंगणातून दिसेल इतक्यात.

चौदा हिरडे म्हणजे किती, हे चाकणला बसून कळायचं न्हाई, म्हणून सांगतो. आमच्या पट्ट्यात आंबेगाव-जुन्नरला भाताशिवाय रोख पैसा बघायला मिळतो तो बाळहिरड्याचा, म्हणजे कोवळ्या हिरड्याचा. लग्नं त्याच्यावर होतात, पोरांची शाळेची पुस्तकं त्याच्यावर. फळ धरलं, आतली आठळी कडक व्हायच्या आत काढायचं. आठळी धरली की बाळहिरडा राहत न्हाई, भाव निम्म्याच्या खाली. एप्रिल-मे महिना त्यातच जातो. खाली ताडपत्री नायतर जुन्या साड्या अंथरायच्या, एकाने वर चढून फांद्या झोडायच्या. हिरवा असतो, कातळावर टाकला की चार दिवसात काळा पडतो, आठ दिवसात खडखडतो. मुठीत घेऊन हलवला आणि आवाज आला की पोत्यात.

वैरी एकच, वळीव. वाळत घातलेला भिजला की वर पांढरी बुरशी येते, मग व्यापारी म्हणेल तो दर. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा वाळवणंच काय, झाडंच्या झाडं उन्मळून गेली. हिरड्याच्या भरपाईसाठी लोकांना पुढं कितीतरी वर्षं मोर्चे काढायला लागले, कारण पंचनाम्यात हिरडा कुठल्या रकान्यात बसवायचा हेच साहेबांना कळंना. तुम्ही तेवढ्यासाठी तरी सातबाऱ्यावर झाडांची नोंद बघा. आमच्याकडं निम्म्यांची नोंद न्हाई आणि मग झाडं आहेत हे सिद्ध करत फिरायचं.

तोडायचं म्हणताय, तर हिरडा अनुसूचित झाड आहे. १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, साग, आंबा, फणस, मोह, ऐन, किंजळ यांच्या यादीत हिरडा आहे. स्वतःच्या जमिनीतला असला तरी परवानगीशिवाय तोडता येत न्हाई. खातेदार आदिवासी असेल तर झाडं विकण्यासाठी १९६९ चा आणखी एक कायदा आहे. कंपनीवाला म्हणतो परवानगी लागत न्हाई, तर त्याला म्हणावं लिहून दे.

जेसीबीचं मी जास्त बोलत न्हाई. माळीण आपल्या तालुक्यात आहे. ३० जुलै २०१४ ला डोंगर कोसळून गाव गाडलं गेलं. का झालं यावर हजार मतं आहेत, पण तेव्हापासून मी उतारावरचं झाड काढून सपाटी करणाऱ्याच्या बांधाला जात न्हाई.

एक सुधारणा आम्ही केली ती सांगतो. पूर्वी फांदीच छाटून खाली घ्यायचे आणि बसून फळं तोडायचे. पुढच्या वर्षी झाड रिकामं. आता छाटायची बंदी, आणि शेंड्याकडची फळं सोडून द्यायची. तिथवर चढणारा पडतो पण, दर वर्षी कुठं ना कुठं कोणीतरी पडतो. बेहड्याला तर आम्ही हात लावत न्हाई, जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश बसतो. खाली पडलेलं फळ तेवढं वेचायचं. भीमाशंकरच्या बाजूला पुण्याची एक संस्था हिरडा-बेहडा असाच झाड न दुखवता गोळा करून बाहेरच्या देशातल्या चहा-काढ्याच्या कंपनीला पाठवते, फेअरवाइल्ड म्हणून शिक्का असतो त्याला. दर बरा देतात, पण वही लिहायला लागते: कुठलं झाड, किती काढला, किती ठेवला. आमच्यातल्या म्हाताऱ्यांना वहीचा राग येतो.

---

पाटा-वरवंटा

वैद्य आहे, पण लागवडीतलं कळत नाही. आपण लिहिलं की गुळवेलीला हिशेब नाही, म्हणून राहवलं नाही.

करोनात घराघरांत गुळवेलीचा काढा सुरू झाला, तो पुष्कळांनी अजून बंद केलेला नाही. आईंना विचारा. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेत असलेल्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही, दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असावी असं म्हटलं. माझं मत विचाराल तर दोन्हीकडून घेण्यासारखं आहे. ज्यांचं शरीर आधीच स्वतःवर उलटलेलं आहे, म्हणजे स्वप्रतिकाराचे आजार, थायरॉइडचा काही प्रकार, यकृताची जुनी तक्रार, त्यांनी "नैसर्गिक आहे" म्हणून महिनोन्‌महिने गुळवेल घेऊ नये. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, भूक मेली की काढा थांबवून रक्त तपासायचं. ग्रंथांतही गुळवेल रोज चहासारखी प्यावी असं कुठे सांगितलेलं नाही.

आणि गल्लत खरंच होते. आपली गुळवेल: पान बदामाच्या आकाराचं, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. खोडावरची साल कागदासारखी सुटते, खाली हिरवं दिसतं, आणि वरून दोऱ्यासारखी मुळं लोंबतात. पानाच्या मागे लव लागली तर ती तिची बहीण. खोडावर बारीक फोडांसारख्या गाठी भरपूर असतील तर ती तिसरीच, बागेतून आलेली, तिला हात लावू नका.

हिरडा एरंडेलात परतून घेतला की पोट साफ होतं हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. गरोदर बाईने घेऊ नये, हे मात्र विसरतात.

---

वरकसवाला

सगळ्यांचे आभार. काल गावी गेलो होतो. कराराची प्रत मिळवली. रानभूलताई, तुम्ही म्हणालात तो शब्द आहे. वाक्य असं: "उत्पादित माल कंपनीच्या प्रतवारीनुसार पात्र ठरल्यास तत्कालीन दराने स्वीकारण्यात येईल." ३० रुपये आकडा करारात कुठेच नाही, तो फक्त पत्रकावर छापलाय. वाहतूक शेतकऱ्याची. वाद झाला तर न्यायालय दुसऱ्या राज्यातलं.

कातळमाथा दादा, सातबारा काढला. चौदापैकी पाचच हिरडे लागलेत.

आईचा काढा बंद केला. ती म्हणाली, तुझ्या इंटरनेटचं तुलाच.

टेंटूचं राहिलं. व्यापारी परत फोन करतोय. चार झाडांचे एकरकमी पैसे देतो म्हणतो. आणि शतावरी नको तर मग काय करू? जमीन नुसती ठेवली तर भाऊबंद बांध सरकवतात, हेही आहे.

---

रानभूल

"पात्र ठरल्यास", "तत्कालीन दराने". याहून सुंदर वाक्य मी नोकरीत असताना कोणत्या करारात पाहिलं नाही. ज्या दोघांनी पैसे भरलेत त्यांना हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवा आणि रोपं अजून आली नसतील तर लेखी अर्ज करून रक्कम परत मागायला लावा. तोंडी नको.

टेंटू. "नुसती मुळं काढतो, खोडाला हात लावत नाही" हे मी कितीदा ऐकलंय! मुळं काढल्यावर खोड उभं कशावर राहतं, हे मला कोणी अजून दाखवलेलं नाही.

दशमुळात दहा मुळं. त्यातली पाच लहान झुडपांची: सालवण, पिठवण, रिंगणी, डोरली, गोखरू. ही उपटली तरी बी पडून गेलं असेल तर रान पुन्हा भरतं. उरलेली पाच वृक्षांची: बेल, शिवण, टेंटू, पाडळ, अग्निमंथ. ग्रंथ लिहिले तेव्हा एका वैद्याला वर्षाला किती काढा लागत असेल? आता दशमूलारिष्ट टनावारी तयार होतं. बाळंतिणीला देतात, अंगदुखीला देतात, दुकानात बाटल्यांची रांग असते. एवढ्या मुळांसाठी झाडं आणायची कुठून? खरं सांगू का, आमच्या दारात आलेल्या दशमुळाच्या पोत्यांमध्ये मुळाच्या जागी खोडाची साल आणि फांद्या किती असायच्या ते पाहून मी चक्रावून जायचे. पाडळ तर मूळ म्हणून आलेली मी क्वचितच पाहिली. अशोकाच्या सालीचंही तेच, सीतेच्या अशोकाची म्हणून येते आणि असते आसुपालवाची, बंगल्यांच्या कडेला उंच सरळ वाढतो त्याची. व्यापारी सगळेच लबाड असतात असं मी म्हणत नाही. रानात माल उरलेला नाही आणि ऑर्डर तर पुरी करायची आहे, त्यातून हे होतं.

नरक्याचं उदाहरण तुमच्या गावात सांगा. कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडच्या घाटातलं साधं, वासाचं झाड. १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन नावाचं द्रव्य वेगळं केलं, पुढे त्यापासून कर्करोगावरची औषधं झाली. तेच द्रव्य आपल्या नरक्यात भरपूर आहे असं कळलं आणि घाट रिकामे व्हायला लागले. झाड तोडून, चिप्स करून, पोत्यात भरून गाड्या जायच्या. ज्याच्या बांधावरचं झाड गेलं त्याला लाकडाचे पैसे मिळाले, औषधाचे नाहीत. वनखात्याने पकडलेल्या गाड्यांच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. फळ, पान, बी आणि पुन्हा फुटणारी वेल विकायची. मूळ आणि खोडाची साल विकायची नाही, स्वतः लावलेल्या झाडाची असल्याशिवाय. त्या व्यापाऱ्याला टेंटूचं बी विका. थट्टा नाही करत. टेंटूची लांब चपटी शेंग बघितली असेल, हातभर लांब, तलवार टांगल्यासारखी. ती उन्हाळ्यात तडकायच्या आत काढून ठेवायची, नाहीतर आतल्या पापुद्र्याच्या चकत्या वाऱ्यावर कुठच्या कुठे जातात. रोपवाटिकांना ताजं बी हवं असतं. उरलेलं तुम्ही स्वतः पहिल्या पावसात पिशव्यांत टाका, छान उगवतं, आणि ओढ्याकाठी लावा. दशमुळासाठी लहान वयाची झाडंच लावून काढावीत, जुन्या वृक्षांना हात लावू नये, असा विचार अभ्यासक बरीच वर्षं मांडतायत. तुम्ही लावलेलं टेंटू असेल, नोंद असेल, तर उद्या कायद्यानेही तुमची बाजू बळकट. जैवविविधता कायद्यात २०२३ ला दुरुस्ती झाली, तिच्यात लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना सवलत आहे, पण माल रानातला नसून लावलेला आहे हे दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तुमच्या गावात ती बहुधा कागदावर असेल, तर कागदावरून उठवा.

आता तीन एकरांचं. बांध सरकवणाऱ्या भाऊबंदांना उत्तर म्हणजे बांधावरची झाडंच. राहिलेले नऊ हिरडे तलाठ्याकडे अर्ज देऊन सातबाऱ्यावर चढवून घ्या, हे बाकी सगळ्याच्या आधी. मधल्या पट्ट्यात नाचणी-वरई परत सुरू करता येत असेल तर करा, आईंना खायला मिळेल आणि पीक पाहणीत जमीन पडीक दिसणार नाही. हिरड्याची नवी झाडं लावायची तर कलमं आणा, बीपासून लावलेल्याला फळ यायला फार थांबावं लागतं. शतावरी मनात भरलीच असेल तर कुंपणाच्या कडेने पन्नास-शंभर लावा, रोपं विकत न घेता. पिकलेली लाल फळं चुरून काळं बी काढायचं, कवच टणक असतं म्हणून रात्रभर भिजवून वाफ्यात टाकायचं, पावसात उगवायला वेळ लागतो, घाबरून वाफा मोडू नका. तेवढ्यावर आईंबरोबर बसून एकदा सोला, वाळवा. मग एकराचा विचार.

गुळवेलीचं मात्र लगेच करता येईल. बोटाएवढ्या जाडीचं खोड तोडायचं, बुडाशी हात-दीड हात ठेवायचं, ती परत फुटते. तुकडे करून सावलीत वाळवायचे, हिरवट राहिले पाहिजेत. कडुनिंबावर चढलेली असेल तर वेगळी ठेवा, तिला गिऱ्हाईक जास्त. शहापूरच्या कातकरी मुलांनी वनधन केंद्रातून, म्हणजे आदिवासींचा रानमाल एकत्र विकायच्या सरकारी योजनेतून, याच गुळवेलीवर मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरी मिळवल्या, पण एकेकट्याने नाही. एक पोतं घेऊन गेलात तर मी खरेदीला असते तरी तुमच्याकडे बघितलं नसतं. एक टेम्पो घेऊन या, मग चहा सांगितला असता. कातळमाथा यांच्या गावाशी बोला. तुमचा पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायद्याने रानातल्या गौण उपजावर ग्रामसभेचा हक्क आहे, म्हणजे विक्रीही ग्रामसभेच्या नावाने एकत्र करता येते.

---

कातळमाथा

बोलू. मे संपायच्या आत या, नंतर रस्त्याचं खरं न्हाई. येताना ताडपत्री जाड घेऊन या, बाजारात मिळते ती निळी पातळ नको, कातळावर एका हंगामात फाटते. आणि कराराचं ते वाक्य आमच्याकडंही मोठ्यानं वाचायला लागंल, कंपनीवाला परवा आमच्या समाजमंदिरात सभा लावतोय.

---

वरकसवाला

शनिवारी येतो दादा. प्रतीच्या झेरॉक्स काढून आणतो, वीस पुरतील का?

---

कातळमाथा

चाळीस आणा.